दुसरं टेकाड

ओपीडीच्या रजिस्टरचं एक पान. नाव, वय आणि शेवटच्या रकान्यात बीपी. वरून खाली नजर फिरवली तर १३०/८०, १४०/९०, १२०/८०, १५०/९०, पुन्हा १४०/९०. मधेच कुठे १३४/८६ दिसलं की मोजणारा नवा असावा असं वाटून जातं. पाऱ्याच्या यंत्रावरच्या खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात. म्हणजे आकडा समच येणार, आणि त्याचा शेवटचा अंक ०, २, ४, ६ किंवा ८ असण्याची शक्यता साधारण सारखीच. शंभरातल्या वीसेक नोंदी शून्यावर संपल्या तर ते रास्त. या पानावर शून्याखेरीज जवळपास काही नाही. रुग्णाचं यात फारसं बिघडत नाही. १३८ काय आणि १४० काय, डॉक्टर मीठ कमी करा असंच म्हणणार. पण अशी पानं जमवून कोणी आलेख काढायला बसलं, आणि त्या आलेखाच्या आकारावरून उच्च रक्तदाब एका जनुकामुळे होतो की शेकडो जनुकांमुळे याचा निवाडा करू लागलं, तर हे शून्य चांगलंच टोचायला लागतं.

असा निवाडा करायचा प्रयत्न खरोखर झाला. १९४७ मध्ये मँचेस्टरच्या रॉबर्ट प्लॅट यांनी मांडलं की कारण न सापडणारा उच्च रक्तदाब हा एक वेगळा, ठसठशीत आजार आहे. तो मध्यमवयात उद्भवतो आणि घराण्यात एखाद्या प्रभावी जनुकासारखा उतरतो. तसं असेल तर तीव्र रक्तदाब असलेल्या रुग्णाच्या भावंडांपैकी निम्म्यांना तो हवा आणि निम्म्यांना नको. म्हणजे मध्यमवयीन भावंडांच्या रक्तदाबाचा आलेख काढला की त्यात दोन टेकाडं दिसायला हवीत: एक निरोगी लोकांचं, एक आजाऱ्यांचं, आणि मधे दरी. १९५९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्लॅट यांनी ती दरी दाखवलीही. समोर होते जॉर्ज पिकरिंग, आधी लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये आणि १९५६ पासून ऑक्सफर्डला. त्यांचं म्हणणं असं की दरीबिरी काही नाही. रक्तदाब उंचीसारखा सलग पसरलेला असतो, आणि आपण ज्याला आजार म्हणतो तो त्या पसाऱ्याचा वरचा शेवट. त्यात कुठेतरी रेघ मारणं ही डॉक्टरची सोय; निसर्गाने ती मारलेली नाही.

या वादात कोण हुशार ठरलं यापेक्षा टेकाड कसं उभं राहतं हा प्रश्न जास्त गमतीचा आहे. समजा, आलेखासाठी पाच-पाच मिलिमीटरचे गट पाडले. एका गटात १३८, १४० आणि १४२ असे तीन सम आकडे येतात. पुढच्या गटात १४४ आणि १४६ असे दोनच. मोजणाऱ्याने काटेकोर मोजलं तरी एक खांब तीन हिश्श्यांचा, पुढचा दोनचा, त्यापुढचा पुन्हा तीनचा. त्यात शून्याची आवड मिसळली की हे खांब आणखी वर-खाली होतात. शिवाय जिथे गोळी सुरू करायची हद्द असते, तिथे १४२ चा १३८ करून टाकण्याचा मोह असतो. मग हद्दीच्या अलीकडे गर्दी, पलीकडे खड्डा. नमुना शे-दोनशे माणसांचा असेल तर यातला कुठलाही खड्डा दरी म्हणून खपतो. गटांची सुरुवात दोन मिलिमीटर सरकवली की दरी सरकते किंवा नाहीशी होते. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे. ती न करता छापलेले आलेख मात्र कितीतरी.

म्हणून रक्तदाबाच्या आनुवंशिकतेवर काम करणाऱ्यांचं पहिलं भांडण जनुकांशी नसतं, पट्ट्याशी असतं. पट्ट्यातली रबरी पिशवी दंडाच्या घेराचा ८० टक्के भाग वेढणारी हवी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब खोटा चढतो. हात हृदयाच्या पातळीच्या दहा सेंटीमीटर खाली लोंबत असेल तर सात-आठ मिलिमीटर फुकटचे वाढतात. हवा सेकंदाला दोन मिलिमीटर या वेगाने सोडायची. भसकन सोडली तर वरचा आकडा कमी लागतो आणि खालचा जास्त. बसवून पाच मिनिटं विश्रांती, मग दोन-तीन वेळा मोजणी. आणि शून्याच्या आवडीवर इलाज म्हणून एक खास यंत्र आलं: त्यात पाऱ्याचं शून्यच लपवलेलं असतं, ० ते ६० च्या दरम्यान कुठेही. मोजणारा १८८ वाचतो, लिहितो, आणि त्यानंतर त्याला दिसतं की या वेळचं शून्य ४२ वर होतं. खरा आकडा १४६. मोजणाऱ्याच्या मनातली १४० ची हद्द त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. पुढे लक्षात आलं की हे यंत्र स्वतःच दोन-तीन मिलिमीटर कमी दाखवतं. पण सगळ्यांनाच कमी दाखवत असेल तर आनुवंशिकतेच्या गणिताला त्याचा त्रास नाही. सगळ्यांना सारखी चूक चालते. काहींनाच होणारी चूक नडते.

पिकरिंग यांच्या बाजूने गणित सांभाळणारा माणूस मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत लोभस वाटतो. जॉन फ्रेझर रॉबर्ट्स. सुरुवात मेंढ्यांच्या लोकरीपासून. लोकरीचा पोत पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो, हे मोजण्यात तरुणपणाची काही वर्षं गेली. मग ब्रिस्टलला मुलांच्या बुद्ध्यंकाचा अभ्यास, आणि तिथे त्यांना एक खरंखुरं दुसरं टेकाड भेटलं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे दोन गट करून त्यांनी त्या मुलांकडे न बघता त्यांच्या भावंडांकडे बघितलं. सौम्य अक्षमता असलेल्यांच्या भावंडांचे बुद्ध्यंकही सरासरीपेक्षा खाली होते. अख्खा वक्रच डावीकडे सरकलेला. पण तीव्र अक्षमता असलेल्यांची भावंडं चक्क सर्वसाधारण, सरासरी १०० च्या आसपास. याचा अर्थ पहिला गट सलग वक्राचं शेपूट आहे आणि दुसरा गट वेगळ्याच कारणाने वक्राबाहेर पडलेला आहे. हे त्यांनी १९५२ मध्ये मांडलं. दोनच वर्षांनी ते पिकरिंग, हॅमिल्टन आणि सॉरी यांच्याबरोबर रक्तदाबाला तीच कसोटी लावत होते.

रुग्णाचा आलेख फसवतो. भावंडांचा आलेख विचारावा.

१९५४ च्या त्या लेखमालेतली युक्ती साधी आणि कष्टाची आहे. आधी ‘सर्वसाधारण’ लोकांचा रक्तदाब हवा. त्यासाठी रक्तदाबाशी संबंध नसलेल्या विभागांत आलेले बाह्यरुग्ण घेतले, दोन हजारांवर. वय वाढतं तशी सरासरी वाढते, आणि फैलावही वाढतो. हे दुसरं अनेक जण विसरतात. विशीतला माणूस सरासरीपेक्षा २० मिलिमीटर वर असणं आणि साठीतला तेवढाच वर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून प्रत्येकाच्या आकड्याचं त्याच्या वयाच्या आणि लिंगाच्या तुलनेत गुणांकन केलं. मग तीव्र रक्तदाब असलेल्यांचे आईवडील, भावंडं आणि मुलं मोजली. निघालं असं की नातेवाइकांचा अख्खा वक्र उजवीकडे सरकलेला आहे, सगळ्या वयांत, साधारण सारख्याच मापाने, फुटलेला नाही. रुग्ण सरासरीपासून जितका दूर, त्याच्या सुमारे एक पंचमांश अंतरावर त्याचे नातेवाईक. आणि हा पाचवा हिस्सा दाब थोडा वाढलेला असो वा खूप, बदलत नाही. साउथ वेल्समध्ये बिल मियाल आणि पीटर ओल्डहॅम यांनी ऱ्होंडा फाख नावाच्या खाणकामगारांच्या दरीत आणि शेजारच्या शेतकरी मुलखात घरोघर जाऊन मोजलं, तिथेही तेच. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९१८ मध्ये कागदावर दाखवून ठेवलं होतं की पुष्कळ जनुकांनी थोडा-थोडा हातभार लावला तर नातलगांमधलं साम्य असंच सलग दिसेल. ते लोकांच्या दंडावर उमटलेलं दिसायला छत्तीस वर्षं लागली.

वाद इथे मिटायला हवा होता. मिटला नाही, कारण टेकाडं उभी करायला गणित स्वतःच पुढे आलं. १९७० च्या दशकात हवाई विद्यापीठात न्यूटन मॉर्टन यांच्या प्रयोगशाळेत घराण्यांच्या आकड्यांवर नवी अवजारं घडत होती. एक मोठं जनुक, त्याच्यामागे बारक्या जनुकांची फौज आणि वर परिस्थिती, अशी तिन्ही एकत्र धरणारं प्रारूप मॉर्टन आणि मॅकलीन यांनी १९७४ मध्ये मांडलं. संगणकाला विचारायचं: मोठं जनुक धरलं तर आकडे जास्त चांगले बसतात का? रक्तदाबाच्या बाबतीत संगणक पुष्कळदा हो म्हणायचा. कारण सोपं होतं. रक्तदाबाचा वक्र सममित नाही, उजवीकडे त्याचं शेपूट लांब असतं. असं शेपूट एका घंटाकृती वक्रात मावत नाही. पण दोन घंटाकृती वक्र शेजारी ठेवले, एक मोठा आणि उजवीकडे एक छोटा, की झकास बसतं. प्लॅट यांचं टेकाड असं मागच्या दाराने आत यायचं. त्याच प्रयोगशाळेने १९७६ मध्ये त्यावर उतारा दिला: आधी आकड्यांचं घातांकी रूपांतर करून तिरपेपणा काढा, आणि मगच दोन वक्रांची गरज उरते का ते बघा. हा उतारा कडू आहे. तिरपेपणा खरोखरच मोठ्या जनुकामुळे आला असेल तर रूपांतर त्यालाही धुऊन काढतं. खोटं टेकाड टाळायचं तर खरं गमावण्याची तयारी ठेवावी लागते. यातून सुटका नाही. कुठली चूक परवडते एवढंच ठरवायचं असतं.

याच हवाईत डी. सी. राव होते. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये घडलेले, पुढे १९८० पासून सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात, आणि १९८४ मध्ये निघालेल्या ‘जेनेटिक एपिडेमिऑलॉजी’ या नियतकालिकाचे संपादक. त्यांचं आयुष्यभराचं काम एका वाक्यात सांगायचं तर घरात जे एकत्र राहतं ते रक्तातून आलं की स्वयंपाकघरातून, याची वाटणी. अवजार होतं स्यूअल राइट यांचं, गिनीपिगच्या रंगांच्या अभ्यासातून आलेलं: कारणांपासून परिणामांकडे बाण काढायचे, प्रत्येक बाणाला एक गुणक द्यायचा, आणि दोन माणसांमधला सहसंबंध म्हणजे त्यांना जोडणाऱ्या सगळ्या वाटांच्या गुणाकारांची बेरीज.

कागदावर हे करून बघण्यासारखं आहे. आई-मुलाच्या रक्तदाबाचा सहसंबंध ०.२ आला असं धरा. मूल आईची निम्मी जनुकं घेतं. म्हणून साम्य निव्वळ जनुकांमुळे असेल तर आनुवंशिकता, म्हणजे माणसा-माणसांतल्या फरकातला जनुकांचा वाटा, ०.४. भावंडांमधला सहसंबंध त्याहून थोडा वर निघतो, ०.२५ धरा. हा जादाचा हिस्सा एकत्र वाढल्याचा, की आई आणि मूल यांच्यात पंचवीस वर्षांचं अंतर असल्याचा? वयाच्या विशीत आणि पन्नाशीत दाब चढवणारी जनुकं तीच असतील असं नाही. मग नवरा-बायको. त्यांच्यात रक्ताचं नातं नसतं, तरी सहसंबंध पूर्ण शून्य येत नाही. एकाच ताटातलं मीठ, की मुळात सारख्या अंगाचे लोक एकमेकांशी लग्न करतात म्हणून? हे दोन्ही वेगळं करायचं तर लग्नाला किती वर्षं झाली त्याप्रमाणे जोडप्यांचे गट पाडावे लागतात. अडचण अशी की आईवडील आणि मुलं एवढ्याच कुटुंबातून सहसंबंध मिळतात चार: आई-वडील, आई-मूल, वडील-मूल आणि भावंडं. अज्ञात गोष्टी त्याहून जास्त. समीकरणं कमी, अज्ञातं जास्त. मग कुठलंही उत्तर बसवता येतं. रावांच्या गटाने यावर परिस्थितीचा निर्देशांक आणला. प्रत्येकाचं वजन, दारू, व्यायाम वगैरे ज्या गोष्टींवरून रक्तदाबाचा अंदाज बांधता येतो त्या एकत्र करून एक आकडा काढायचा. आता प्रत्येक माणसामागे दोन आकडे झाले, आणि चार सहसंबंधांचे डझनाहून अधिक झाले. होनोलुलूच्या जपानी-अमेरिकन कुटुंबांच्या रक्तदाबाचा अभ्यास मॉर्टन, राव आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केला, तो याच परंपरेतला. निर्देशांक ही पळवाट आहे असं म्हणणारेही होते, आणि त्यांचं अगदीच चूक नव्हतं: वजन तरी निव्वळ परिस्थिती कुठे असतं? तेही घराण्यात उतरतंच.

याहून सरळ परीक्षा मॉन्ट्रियलमध्ये झाली. पियेर बिरों आणि सहकाऱ्यांनी दत्तक मुलं असलेली कुटुंबं गाठली. १९७६ च्या लेखात ५५८ दत्तक मुलं आहेत. पोटच्या मुलांचा दाब आईवडिलांशी जुळत होता; त्याच घरात, त्याच जेवणावर वाढलेल्या दत्तक मुलांचा जवळपास नाही. हा निकाल वाचून थोडं चमकायला होतं. घरच्या खारवलेल्या जेवणाला आपण इतका दोष देतो! पण यात फसगत अशी की घरा-घरांतला मिठाचा फरक कमी असेल तर साम्यात मीठ दिसणारच नाही. अख्खं शहर खारट खात असेल तर त्याचा दाब सरासरीत जाऊन बसतो. कोणाचा कोणापेक्षा जास्त, या प्रश्नात तो येत नाही.

पुढची भानगड गोळ्यांनी केली. १९५४ मध्ये बहुतेक रुग्णांवर उपचार नव्हते, म्हणून वक्राचं शेपूट शाबूत होतं. १९९० च्या दशकात ज्यांचा दाब सर्वांत जास्त असायला हवा तेच लोक गोळ्या खाऊन १२८ वर बसलेले. त्यांचं काय करायचं? आहे तो आकडा घेतला तर घराण्यातला सर्वांत बोलका माणूस गप्प होतो. त्याला वगळलं तर शेपूटच कापलं जातं आणि सहसंबंध आक्रसतो. तिसरा उपाय सुचतो तो असा की गोळी घेतो की नाही हा रकाना समीकरणात टाकावा. दिसायला तो सर्वांत शास्त्रीय, आणि करायला सर्वांत वाईट. कारण गोळी हा चढलेल्या दाबाचाच परिणाम आहे, ती समीकरणात घातली की शोधायची गोष्टच ती गिळते. मार्टिन टोबिन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आकडेमोड करून दाखवलं की यापेक्षा सरळ बेरीज बरी. गोळी घेणाऱ्याच्या वरच्या आकड्यात १५ आणि खालच्यात १० मिळवा, आणि पुढे चला. इतकी ढोबळ गोष्ट लाखो माणसांच्या अभ्यासांच्या पायात आहे हे कळल्यावर पहिल्यांदा हसू येतं. पण कोणती गोळी, किती मात्रा, नियमित घेतो की नाही, हे कळायचा मार्ग नसताना ढोबळ बेरीजच प्रामाणिक ठरते.

१९९५ च्या सुमारास अमेरिकेत कौटुंबिक रक्तदाबाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. त्यातल्या हायपरजेन या संशोधन केंद्रांच्या जाळ्याचं आकडेवारीचं काम सेंट लुईसला, रावांकडे. साठीच्या आत रक्तदाब जडलेली निदान दोन भावंडं ज्या घरात आहेत ती घरं शोधायची. जीनोमवरच्या कुठल्याही जागी दोन सख्खी भावंडं शून्य, एक किंवा दोन प्रती वाटून घेतात, एक चतुर्थांश, निम्मी आणि एक चतुर्थांश या प्रमाणात. आजारी भावंडांच्या जोड्यांत एखाद्या जागी हा वाटा ठरल्यापेक्षा जास्त निघाला, तर तिथे काहीतरी दडलंय. किती जास्त म्हणजे पुरेसं, त्याचं माप मॉर्टन यांनीच १९५५ मध्ये घालून दिलं होतं: लॉड स्कोअर ३. चार जाळी, हजारो माणसं, अख्खा जीनोम. २००३ मध्ये सगळ्यांचे निकाल एकत्र केले तेव्हा ते माप खात्रीने ओलांडणारी एकही जागा मिळाली नाही.

सपाट माळ. टेकाड नावाला नाही.

हे अपयश होतं की यश, याबद्दल मला आजही नीट ठरवता येत नाही. इतका पैसा आणि इतक्या जणांची कारकीर्द एका सपाट आलेखात गेली. दुसरीकडे, पिकरिंग आणि फ्रेझर रॉबर्ट्स यांचं म्हणणं याहून स्वच्छ सिद्ध झालं नसतं: मोठं जनुक असतं तर ते या जाळ्यातून निसटलं नसतं. आणि गंमत म्हणजे मोठी जनुकं आहेतही. १९६३ मध्ये ग्रँट लिडल यांनी एका घराण्याचं वर्णन केलं: लहान वयात चढलेला दाब, रक्तात पोटॅशियम कमी, आणि संशय ज्याच्यावर जावा ते अल्डोस्टेरॉन, शरीरात मीठ धरून ठेवणारं संप्रेरक, तेही कमीच. त्याला रोखणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनने फरक पडेना. मूत्रपिंडातला सोडियमचा दरवाजा थेट बंद करणाऱ्या ट्रायमटेरीनने पडला. त्यातल्या रुग्णाला १९८९ मध्ये दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं आणि दाब उतरला. म्हणजे दोष मूत्रपिंडातच होता. १९९४ मध्ये रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाने तो दरवाजा उघडा ठेवणारा बिघाड जनुकात दाखवला. प्लॅट यांना हवं होतं ते सगळं इथे आहे: प्रभावी जनुक, निम्मी भावंडं, मधे दरी. फक्त अशी घराणी इतकी विरळ की सगळ्या जगाच्या आलेखात त्यांचं टेकाड पेन्सिलच्या रेषेच्या जाडीतही मावत नाही.

मग संख्या वाढवण्याखेरीज मार्ग नव्हता. २०११ मध्ये युरोपीय वंशाच्या सुमारे दोन लाख लोकांच्या अभ्यासातून २९ जनुकीय बदल हाती आले, आणि ते सगळे मिळून रक्तदाबातल्या फरकांपैकी ०.९ टक्के भागाचा हिशोब देत होते. एकेका बदलाचा वाटा एक मिलिमीटर, बहुधा त्याहून कमी; म्हणजे पाऱ्याच्या यंत्रावरच्या दोन खुणांमधल्या अंतराच्या निम्मा. २०१८ मध्ये दहा लाखांवर माणसं आणि नऊशेच्या वर जागा. २०२४ मध्ये दोन हजारांहून जास्त स्वतंत्र जनुकीय खुणा. फिशरचे ‘पुष्कळ’ किती पुष्कळ हे आता मोजून सांगता येतं. या दहा लाखांत बहुतेक युरोपीय वंशाचे आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाच्या जोखमीचा आकडा त्यांच्यावरून काढला की तो कमी भरवशाचा निघतो. ज्या विषयाच्या पायाचं थोडंफार गणित कोलकात्याला शिकलं गेलं, त्यात भारतीय घराणी इतकी थोडी असावीत, हे खटकतं.

आनुवंशिकता हा आकडा माणसाच्या अंगात कोरलेला नसतो, हे चीनच्या उत्तरेकडच्या खेड्यांत झालेल्या जेनसॉल्ट अभ्यासाइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसलं असेल. त्याचे प्रमुख ‘जियांग हे’ नावाचे संशोधक; आनुवंशिकतेच्या विश्लेषणात रावांचा गट. सुमारे १,९०० माणसांना सात दिवस रोज तीन ग्रॅम मीठ, मग सात दिवस अठरा ग्रॅम, मग सात दिवस अठरा ग्रॅम आणि जोडीला पोटॅशियमची गोळी. स्वयंपाक पूर्ण अळणी करायचा आणि वाढताना प्रत्येकाच्या ताटात मोजलेली मिठाची पुडी टाकायची. कोणी चोरून खाल्लं का, ते लघवीतल्या सोडियमवरून कळतं. सुरुवातीला, प्रत्येकजण आपापलं खात असताना, रक्तदाबाची आनुवंशिकता ०.३ च्या थोडी वर होती. सगळ्यांना सारखं मीठ दिल्यावर ती ०.५ च्या आसपास गेली. तीच माणसं, तीच जनुकं. परिस्थितीतला फरक पुसला की उरलेल्या फरकात जनुकांचा वाटा मोठा दिसतो, एवढंच.

उच्च रक्तदाब कुठून म्हणायचा त्या रेघेचं म्हणाल तर ती नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत १४०/९० वरून १३०/८० वर आली. ३२ टक्के प्रौढ उच्च रक्तदाबाचे होते ते ४६ टक्के झाले, कोणाच्याही धमनीत काहीही न बदलता. पिकरिंग असते तर त्यांना आश्चर्य वाटलं नसतं. आणि रावांच्या पुढाकाराने जनुकं आणि सवयी एकत्र तपासणारा जो मोठा गट उभा राहिला, त्याच्या २०१८ च्या अभ्यासात ६,१०,०९१ माणसांचा रक्तदाब एकेका मिलिमीटरपर्यंत सलग धरलेला आहे, गोळीवाल्यांना १५ आणि १० मिळवून. सिगारेटचं मात्र दोनच रकान्यांत भागवावं लागलं: सध्या ओढतो की नाही, आणि कधी ओढली होती की नाही. दिवसाला एक ओढणारा आणि दोन पाकिटं संपवणारा एकाच बाजूला. देशोदेशींच्या डझनावारी अभ्यासांनी प्रश्नच वेगवेगळे विचारले होते; सगळ्यांना जुळेल असं हो किंवा नाही एवढंच हाती होतं.